रागाच्या भरात? आधी वेळ मोजा

मित्रहो, आज जरा मोठी पोस्ट आहे. गल्लीतलं राजकारण नाही, रस्त्याचं टेंडर नाही. विषय एका जुन्या स्कॉटिश शब्दाचा आहे. "आता स्कॉटलंडचं काय काढलंस बाबा?" असं काहीजण म्हणतील. पण शेवटपर्यंत वाचलंत तर उद्या सकाळी पेपर उघडल्यावर एक बातमी तुम्ही वेगळ्या नजरेनं वाचाल.

गेली वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. गुन्ह्याच्या बातम्यांत एक वाक्य नेहमी दिसतं, "रागाच्या भरात खून केला." थोडा फेरफार करून "क्षणिक संतापातून", "किरकोळ वादातून", "तिरीमिरीत येऊन". पंचनामा संपलेला नसतो, शवविच्छेदनाचा अहवाल आलेला नसतो, पण राग क्षणिक होता आणि वाद किरकोळ होता हे बातमीत पक्कं झालेलं असतं. कुणी सांगितलं? बहुतेक वेळा ज्याच्या हातून झालं त्यानंच. दुसरी बाजू सांगणारं माणूस तर सरणावर गेलेलं असतं.

जुन्या स्कॉटलंडमध्ये या "रागाच्या भरात"साठी कायद्यातच एक शब्द होता, चॉडमेला. मूळ जुनं फ्रेंच. 'चोद' म्हणजे गरम आणि 'मेले' म्हणजे झटापट, एकत्र गरम झटापट. डोकं तापलं, हातघाई झाली, त्यात एखादा मेला, तर तो चॉडमेला. याच अर्थानं 'सडंटी' असाही शब्द वापरत, म्हणजे अचानक, एकाएकी. समोरच्या बाजूला होता 'फोरथॉट फेलनी', आधी विचार करून, दबा धरून केलेला गुन्हा.

बोलीत आणखी एक शब्द होता, रॅमस्टॅम. मागचापुढचा विचार न करता मुसंडी मारणारा. पण त्याला एक लाडिक छटा आहे. रॉबर्ट बर्न्स या त्यांच्या लाडक्या कवीनं १७८६ साली छापलेल्या आपल्या पहिल्या संग्रहात, मित्राला लिहिलेल्या एका कवितेत तो वापरलाय. गंभीर, मोजूनमापून जगणारी माणसं एकीकडे आणि ही रॅमस्टॅम पोरं दुसरीकडे, आणि कवीचा जीव अर्थातच पोरांवर. आपण नाही का म्हणत, "तापट आहे हो, पण मनानं चांगला आहे", तसंच. कवितेत, चहाच्या टपरीवर हे शोभतं. माणूस मेल्यावर मात्र उतावळेपणाला लाडानं बघून चालत नाही. तिथं कायद्याचा शब्द लागतो, आणि चॉडमेला हा कायद्याचा शब्द होता.

आता हा फरक का करायचा? माणूस तर मेलाच ना दोन्हीकडे? पण फरकाला अर्थ होता. त्या काळात घराण्यांची वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालायची. एक खून झाला की त्याचा बदला, मग बदल्याचा बदला. अशा मुलुखात अचानकच्या भांडणात हातून मरण झालेल्या माणसाला जरा श्वास घ्यायला जागा हवी होती, नाहीतर मयताचे भाऊबंद त्याला तिथंच संपवणार. चौदाव्या शतकात राजा दुसरा रॉबर्ट याच्या काळच्या कायद्यांत हा भेद आलेला दिसतो. पुढं १४२०च्या दशकात पहिल्या जेम्स राजाच्या कायद्यानं तो आणखी स्पष्ट केला. गुन्हा आधी ठरवून केलेला निघाला तर आरोपीचा जीव आणि मालमत्ता राजाच्या मर्जीवर. चॉडमेला निघाला तर जुन्या रीतीप्रमाणे खटला, फिर्यादी पक्षानं आपली दाद मागावी.

शिवाय चर्चचा आसरा होता. काही चर्चच्या भोवतीची हद्द ठरलेली असे, तिला ते 'गर्थ' म्हणत. त्या हद्दीत पाय टाकला की पाठलाग थांबला. म्हणजे रागात चूक झालेल्या माणसासाठी देवाच्या दारी एक निवारा. कल्पना वाईट नव्हती, माणुसकीचीच होती.

पण निवारा दिसला की कोण आधी धावतं? ज्यानं तिथं जायची वाट आधीच पाहून ठेवलेली असते तो.

झालं तेच. १४६९ साली तिसऱ्या जेम्सच्या पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. त्यात कारणही नोंदवलंय. खून फार वाढलेत, ठरवून केलेले आणि अचानक झालेले दोन्ही, आणि ठरवून मारणारे लोक चर्च आपल्याला वाचवेल या भरवशावर मारतायत. म्हणजे सुरा उपसण्याआधीच पळायची जागा ठरलेली. आत गेल्यावर म्हणायचं, अचानक झालं हो, भान राहिलं नाही.

यावर त्यांनी काय केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आसरा बंद केला नाही. प्रश्न विचारायला सुरुवात केली. शेरीफनं चर्चच्या अधिकाऱ्याकडं जायचं आणि सांगायचं की या माणसानं ठरवून मारलंय असा आरोप आहे, आणि अशाला आसरा मिळत नाही. मग चौकशी, स्थानिक पंचमंडळासमोर. ठरवून केलेलं निघालं तर शिक्षा. खरंच अचानक झालेलं निघालं तर त्याला सन्मानानं परत चर्चच्या हद्दीत सोडायचं. थोडक्यात, "रागात झालं" हे वाक्य मारणाऱ्याच्या तोंडचं म्हणून मान्य होणार नाही, ते तपासलं जाईल. साडेपाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही.

कायदा असा शहाणा असला तरी शब्द कुणाला लागायचा हे माणूस बघून ठरायचं, तेही सांगतो. दोन प्रसंग बघा, दोन्ही मोठ्यांचे.

पहिला, १० फेब्रुवारी १३०६. डमफ्रीज गावातल्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ब्रूस आणि जॉन कॉमिन भेटले. दोघंही सत्तेच्या शर्यतीत. भेटीत कॉमिनला भोसकलं गेलं, तो मेला. तेही चर्चच्या आत! दीड महिन्यात, २५ मार्चला, स्कोन इथं ब्रूसचा राज्याभिषेक झाला. पोपनं त्याला बहिष्कृत केलं, पण राज्य त्याचंच झालं. आता तो खून रागातला की ठरवलेला? इंग्रजांच्या बाजूचे जुने लेखक म्हणतात, कट होता, बोलावून मारलं. स्कॉटिश बाजूचे म्हणतात, कॉमिननं दगा केला होता, त्यावरून शब्दाला शब्द वाढला. सातशे वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. पण स्कॉटलंडच्या घराघरात कुठली गोष्ट सांगितली गेली असेल, ते सांगायला नको. जो जिंकला, त्याचा राग पवित्र ठरला.

दुसरा प्रसंग १४५२ सालचा. दुसरा जेम्स राजा, वय एकवीस. त्यानं डग्लसच्या अर्लला, म्हणजे देशातल्या सगळ्यात बलाढ्य सरदाराला, स्टर्लिंगच्या किल्ल्यावर बोलावलं. केसाला धक्का लागणार नाही असं अभय देऊन. जेवणं झाली. राजा म्हणाला, दुसऱ्या अर्लांशी केलेला करार मोड. डग्लस नाही म्हणाला. राजानं सुरा चालवला, मग दरबाऱ्यांनी हात साफ केले. म्हटलं तर चॉडमेला, राजाला राग आला. पण पाहुणा अभय घेऊन आला होता आणि एकाचा सुरा चालल्यावर बाकीच्यांचे लगेच चालले, हे विसरायचं का? त्याच वर्षी जूनमध्ये पार्लमेंटनं निकाल दिला की राजाचा दोष नाही, राजा समजावत असताना ऐकलं नाही म्हणून अर्ल आपल्या मरणाला स्वतःच जबाबदार.

हे वाचून काही आठवलं? "जेवण वेळेवर दिलं नाही म्हणून पत्नीचा खून." "दारूला पैसे दिले नाहीत म्हणून आईला मारलं." "चारित्र्याच्या संशयावरून..." ही वाक्यरचना नीट बघा. मेलेल्या माणसानं काय केलं ते आधी येतं, मारणाऱ्यानं काय केलं ते नंतर. समजावत होता, ऐकलं नाही, म्हणून गेली. स्टर्लिंगच्या किल्ल्यातला निकाल आपण रोज पान तीनवर छापतो.

आता त्या शब्दाचं पुढं काय झालं ते सांगतो. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर खुन्याला चर्चचा आसरा उरला नाही. आसराच गेला म्हटल्यावर चॉडमेला शब्दाचं रोजचं काम संपलं. तो वकिलांच्या ग्रंथांत राहिला. फरक मात्र दुसऱ्या नावानं टिकला. खुनापेक्षा कमी दर्जाच्या मनुष्यवधाला स्कॉटलंडमध्ये आजही 'कल्पेबल होमिसाइड' म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याला 'मॅनस्लॉटर' म्हणतात. आणि आपल्याकडं? आपल्या कायद्यातही शब्द कल्पेबल होमिसाइडच आहे. मराठीत, सदोष मनुष्यवध. कोर्टाच्या बातम्यांत तुम्ही शंभर वेळा वाचलेला.

आणि उतावळेपणाचा अर्थ तिकडं किती बदलला बघा. आजच्या स्कॉटिश कायद्यात मारायचा हेतू नव्हता एवढं म्हणून खुनातून सुटका होत नाही. माणूस जगतोय का मरतोय याची जराही पर्वा न करता, दुष्ट म्हणावी अशा बेफिकिरीनं हल्ला केला, तर तोही खूनच. रागात मारलं ही सबब तिथंही ऐकतात, पण समोरून काय घडलं होतं, प्रत्युत्तर लगेच दिलं का, खरंच ताबा सुटला होता का आणि घडलं त्याच्या मानानं प्रत्युत्तर किती होतं, हे सगळं तपासून. म्हणजे एके काळी अविचार हा आसऱ्याचा दरवाजा होता. आज एका हद्दीपलीकडचा अविचार हाच गुन्ह्याचा गाभा आहे.

आपला कायदा काय म्हणतो? १८६०च्या दंडसंहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम १०१ खाली तेच अपवाद आहेत. गंभीर आणि अचानक चिथावणीमुळं ताबा सुटला असेल, किंवा पूर्वतयारी नसताना अचानक भांडणात, संतापाच्या भरात मृत्यू झाला असेल, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होऊ शकतो. पण अटी आहेत. चिथावणी स्वतः सबब म्हणून ओढवून घेतलेली नको. समोरच्याच्या असहाय्यतेचा गैरफायदा घेतलेला नको. क्रूरपणा नको. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आपण या अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

जरा थांबून विचार करा. कोर्टात आरोपीला जे सिद्ध करावं लागतं, ते आपली बातमी पहिल्याच दिवशी त्याला फुकटात देऊन टाकते.

याची परीक्षा आपल्या महाराष्ट्रात एकदा फार गाजली होती. नानावटी खटला. सिनेमे, वेबसिरीज आल्या म्हणून नव्या पोरांनाही माहीत आहे. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलाचा कमांडर नानावटी याला पत्नीनं प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्याच दुपारी आहुजा गोळ्या लागून मेला. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटीला निर्दोष ठरवलं. ब्लिट्झसारख्या साप्ताहिकानं त्याच्या बाजूनं रान उठवलं होतं. रुबाबदार अधिकारी, दुखावलेला नवरा, रागाच्या भरात... लोकांना गोष्ट पटली होती.

हायकोर्टानं आणि मग १९६१ साली सुप्रीम कोर्टानं काय केलं? घड्याळ बघितलं. नानावटी घरातून निघाला दुपारी दीडच्या सुमारास. बायकोमुलांना सिनेमाला सोडलं. मग जहाजावर गेला. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आहुजाच्या ऑफिसात गेला, तो नाही म्हटल्यावर त्याच्या घरी गेला. गोळ्या झाडल्या त्या चार वाजून वीस मिनिटांनी. जवळपास तीन तास. सुप्रीम कोर्ट म्हणालं, डोकं शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता. जन्मठेप कायम. पुढं १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली, तो भाग वेगळा. जुन्या स्कॉटलंडमध्येही राजे माफ्या देत, आणि त्यावरूनही कुरबुरी होत.

स्कॉटलंडच्या शेरीफनं चर्चच्या दारात जो प्रश्न विचारायचा, तोच आपल्या कोर्टानं विचारला. आपला कायदा तिथून आला असं मी म्हणत नाही. पण प्रश्न तोच आहे, कारण माणूस तोच आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. "रागाच्या भरात" हे बातमीतलं वर्णन नाही, तो निकाल आहे. तो देण्याचा अधिकार ना वार्ताहराला, ना व्हॉट्सॲपवर प्रेसनोट टाकणाऱ्या पोलिसांना, ना कट्ट्यावरच्या आपल्याला. माझ्या बातमीत मी हा शब्द टाकत नाही. "मग कारण काय लिहायचं? वाचकाला कारण लागतं," असं डेस्कवरून ऐकावं लागतं. वाचकाला कारण लागतं हे खरंच आहे. पण माहीत नसलेलं कारण देण्यापेक्षा माहीत असलेल्या गोष्टी द्याव्यात. हत्यार घरातलंच हाताला लागलं की बाहेरून आणलं? भांडण आणि वार यात किती वेळ गेला? वार एक की पंधरा? आधी पोलीस ठाण्यात तक्रार होती का? माहेरच्यांनी काय सांगितलं? आरोपीचं म्हणणं छापायचंच असेल तर "आरोपीचं म्हणणं असं" एवढे शब्द जोडायला शाई किती लागते?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये म्हणाल की हा सगळ्यांनाच फासावर द्यायला निघाला. नाही. खरंच अचानक झालेलं असतं. बांधावरच्या भांडणात एक ढकल, डोकं दगडावर, खेळ खलास. अशा माणसाला आणि सुपारी देणाऱ्याला एकाच दोरीनं बांधणं अन्याय आहे. म्हणूनच तर १४६९च्या कायद्यानं निर्दोष निघालेल्याला परत आसऱ्यात पोचवायची सोय ठेवली. आणि जसं "रागाच्या भरात" पहिल्या दिवशी लिहू नये, तसंच "थंड डोक्यानं", "नराधम", "फाशीच द्या" हेही पहिल्या दिवशी लिहू नये. दोन्ही निकालच आहेत. अमुक समाजाचा आरोपी असला की कट, आणि आपल्यातला असला की तिरीमिरी, हा जो आपल्या तालुक्यातल्या ग्रुपवर चालणारा हिशेब आहे, तो तर ब्रूस आणि कॉमिनच्या वेळेपासूनचा आहे.

आणि रागाबद्दल एक गोष्ट बोलायचीच राहते. राग आंधळा असतो म्हणतात. मला तसं दिसत नाही. ऑफिसात साहेब चारचौघांत अपमान करतो, तिथं तो गिळला जातो. सावकार दारात येऊन शिव्या देतो, तिथं मान खाली जाते. आणि तोच राग घरी आल्यावर बायकोवर, म्हाताऱ्या आईवर, पोरावर निघतो. जो माणूस कुठं भान हरपायचं आणि कुठं नाही हे इतकं बरोबर निवडतो, त्याचं भान खरंच हरपलेलं असतं का? हा प्रश्न कोर्टानं विचारेपर्यंत वाट बघायची गरज नाही. शेजारच्या घरातून आवाज येतो तेव्हाही विचारता येतो.

तर उद्या पेपरात "रागाच्या भरात" दिसलं की एवढंच करा. आधी वेळ मोजा. मग विचारा, हे सांगितलं कुणी. आणि ज्याला सांगता येणार नाही, त्याची बाजू बातमीत कुठं आहे ते शोधा. सापडली नाही तर त्या पेपरला फोन करा. माझी बातमी असेल तर मला करा.

पटलं तर पुढं पाठवा. पटलं नसेल तर खाली लिहा, भांडू. पण सावकाश, डोकं गार ठेवून.